वास लिंबाचा, प्रश्न गांजाचे

(वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं)

सीमाभागातून आलेल्या यावेळच्या पत्रांत 'लेमन हेज' हे नाव सारखं दिसलं. लिंबासारखा वास मारणारा हा संकरित गांजा. कुणाला वासाचं कुतूहल आहे, कुणाला पोराची काळजी, तर कुणाच्या बांधावर नको ते झाड उगवलंय. उत्तरं वनस्पतिशास्त्र, औषधशास्त्र आणि कायदा या तिन्ही बाजूंच्या मंडळींनी मिळून दिली आहेत. लागवड कशी करावी असं विचारणाऱ्या दोन पत्रांना मात्र उत्तर दिलेलं नाही. तो गुन्हा आहे.

प्रश्न : खोलीवरच्या एकाकडे 'लेमन हेज' म्हणून एक पुडी होती. उघडली की लिंबू सोलल्यासारखा वास. गावठी गांजाला तर ओल्या कडब्यासारखा वास येतो. ह्याच्यावर एसेन्स मारतात काय? आणि 'हायब्रिड' म्हणजे आपल्या हायब्रिड मक्यासारखंच का? — एक विद्यार्थी, खानापूर

एसेन्स मारलेला मालही बाजारात असतो, पण मूळ वास झाडाचाच. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर टोपीवाल्या टाचणीसारख्या बारीक ग्रंथी असतात. भिंगातून पाहिलं तर दव पडल्यागत दिसतात. त्या टोपीत राळ तयार होते. नशा आणणारं टीएचसी याच राळेत आणि वासाची तेलंही याच राळेत. टीएचसीला स्वतःला वास नसतो. वास येतो तो टर्पीन नावाच्या उडून जाणाऱ्या तेलांचा, आणि वाळलेल्या फुलोऱ्यात ती सगळी मिळून साधारण एक ते तीन टक्के भरतात.

ही तेलं आपल्या स्वयंपाकघरात रोज असतात. मिऱ्या-लवंगेत कॅरिओफिलीन, धण्यात लिनालूल. संत्र्याची साल दिव्याच्या ज्योतीवर पिळली की जो फवारा भक्कन पेटतो, त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. लिंबासारखा वास मारणाऱ्या गांजाच्या वाणांत हेच लिमोनीन जास्त, आणि 'हेज' घराण्यात त्याच्या जोडीला बहुधा टर्पिनोलीन. नुसतं लिमोनीन हुंगलं तर ते लिंबापेक्षा संत्र्याकडे झुकतं. खऱ्या लिंबाचा झणका सिट्रलचा, जे गवती चहात भरपूर असतं. गांजात सिट्रल नगण्य. म्हणून ओळखीचं नाक याला लिंबू न म्हणता 'लिंबाच्या सालीचं फरशी पुसायचं औषध' म्हणेल. मागे जो उग्र, कुबट दर्प राहतो तो गंधकयुक्त संयुगांचा. २०२१ मध्ये त्यातलं मुख्य संयुग रसायनशास्त्रज्ञांनी ओळखलं. अगदी लेशभर असलं तरी ते नाकात शिरतं.

गावठी मालाला हा वास का नसतो? वाण वेगळं हे एक कारण. दुसरं म्हणजे तो बियांनी भरलेला असतो, उन्हात वाळवून, दाबून, पोत्यात भरून येतो. लिमोनीन हलकं तेल. आधी तेच उडतं, आणि हवा लागली की त्याचं ऑक्सिडीकरणही होतं. लिंबाची साल चार दिवस खिडकीत ठेवून बघा, पाचव्या दिवशी नुसता कडवटपणा राहतो.

आता 'हायब्रिड'. मक्याच्या पिशवीवरचा हायब्रिड म्हणजे दोन शुद्ध ओळींचा पहिला संकर. सगळी झाडं एकसारखी, आणि त्याचं बी पुढच्या साली पेरायचं नसतं. गांजाच्या दुकानदारीत या शब्दाला तेवढा अर्थ नाही. तिथे हायब्रिड म्हणजे 'सटायव्हा' आणि 'इंडिका' या गांजाच्या दोन प्रकारांची सरमिसळ, बस्स. सुपर लेमन हेज हे नाव अॅमस्टरडॅमच्या ग्रीन हाउस सीड्स या बियाणे कंपनीचं. लेमन स्कंक आणि सुपर सिल्व्हर हेज यांचा तो संकर, आणि २००८ व २००९ अशी लागोपाठ दोन वर्षं तो तिथल्या कॅनाबिस कप या गांजाच्या वाणांच्या स्पर्धेत पहिला आला. पण सुपर सिल्व्हर हेज स्वतःच स्कंक, नॉर्दर्न लाइट्स आणि हेज यांची खिचडी. म्हणजे संकराचा संकर. बियांतून येणारी भावंडंही एकमेकांसारखी निघत नाहीत. एकाच नावाच्या दोन पुड्यांत टीएचसी आणि तेलं वेगळी निघाली तर नवल नाही. आपल्याकडे चोरट्या बाजारात तर नाव ठेवणारा विकणाराच.

सटायव्हा हुशारी आणते, इंडिका झोप आणते, हे वाटेल तितक्या ठिकाणी छापलेलं सापडेल. १७५३ मध्ये लिनेयसने सटायव्हा आणि १७८५ मध्ये लामार्कने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून इंडिका हे नाव दिलं, ते झाडाच्या ठेवणीवरून. डोक्यात काय होईल हे त्यावरून कळत नाही.

प्रश्न : नातू कॅनडात शिकायला आहे. त्याने एका डबीच्या लेबलाचा फोटो पाठवला: 'लेमन, हायब्रिड, टीएचसी ८ मिग्रॅ/ग्रॅम, एकूण टीएचसी २१० मिग्रॅ/ग्रॅम'. आठ म्हणजे अगदी हलकं, असं तो म्हणतो. येताना माझ्या गुडघ्यासाठी आणू का, असंही विचारतो. — एक आजोबा, चिकोडी

नातवाने लेबल उलटं वाचलंय. ताज्या किंवा वाळलेल्या फुलोऱ्यात टीएचसी तयार स्थितीत फार कमी असतं. बहुतेक टीएचसीए या आम्लाच्या रूपात असतं. विस्तव लागला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरतं. वजन तेवढं घटतं, म्हणून हिशेबात टीएचसीएला ०.८७७ ने गुणतात. या डबीत टीएचसीए अंदाजे २३० मिलिग्रॅम असणार : २३० × ०.८७७ = २०२, त्यात तयार ८ मिळवा, झाले २१०. 'आठ' हा आकडा न पेटवलेल्या मालाचा. पेटवल्यावरचा खरा आकडा दोनशे दहा, म्हणजे २१ टक्के.

हे किती झालं? अमेरिकेत संशोधनासाठी ५ मिलिग्रॅम टीएचसी हे एक प्रमाण-एकक धरतात. एका ग्रॅममध्ये अशी ४२ एककं. धुरातून त्यातला काही हिस्साच रक्तात जातो हे खरं, तरी याला हलकं म्हणता येत नाही. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात १९९५ च्या सुमारास सरासरी ४ टक्के आणि २०१४ मध्ये १२ टक्के टीएचसी होतं. तुमच्या तरुणपणी चावडीमागे ओढला जाणारा गांजा आणि ही डबी यांची तुलनाच नको. लिंबाच्या वासावरून सौम्यपणा ठरत नाही. वास एका रसायनाचा, नशा दुसऱ्याची.

आणायचं म्हणाल तर साफ नाही. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, पण देशाबाहेर नेणं तिथेही गुन्हा, आणि भारतात आणणं हा एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २३ खाली वेगळा गुन्हा. तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी इथल्या विमानतळावर चालत नाही. गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरकडे एक्स-रे काढून या. दुखणं झिजेचं असेल तर मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन कमी करणं हाच पहिला उपाय.

प्रश्न : गांजा-भांग चढली की लिंबू चोखायला देतात. मग लिंबाच्या वासाचा गांजा आपोआपच कमी चढत असेल, नाही का? — एक वाचक, हिंडलगा

तर्क गमतीशीर आहे आणि अगदीच हवेतला नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये वीस जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. टीएचसीच्या वाफेबरोबर लिमोनीन दिलं तेव्हा घाबरेपणा आणि संशय कमी झाला. ३० मिलिग्रॅम टीएचसीला १५ मिलिग्रॅम लिमोनीन दिलं तेव्हा फरक सगळ्यात ठळक दिसला. स्मरणावरचे आणि नाडीवरचे परिणाम मात्र जसेच्या तसे राहिले.

आता हिशेब करा. २० टक्क्यांच्या मालात ३० मिलिग्रॅम टीएचसीसाठी १५० मिलिग्रॅम फुलोरा लागतो. त्यात लिमोनीन एक टक्का धरलं, जे भरपूरच झालं, तरी दीड मिलिग्रॅम. प्रयोगात त्याच्या दहापट होतं. म्हणून पुडीतला वास तुम्हाला वाचवेल हे विसरा.

चोखायच्या लिंबात तर तेही नाही. लिमोनीन सालीत असतं, रसात मुख्यतः सायट्रिक आम्ल. आंबटाने तोंडाला पाणी सुटतं, माणूस जरा सावध झाल्यासारखा वाटतो, इतकंच. पेंगलेल्या माणसाच्या तोंडात लिंबू पिळणं धोक्याचं आहे, रस श्वासनलिकेत जातो. चिंचेचं पाणी, ताक, लोणचं, सगळ्यांना हेच लागू.

प्रश्न : आमच्या उसाच्या बांधावर पुंडी लावतो. यंदा त्यात दोन-तीन झाडं वेगळी दिसतात, चोळली की उग्र वास येतो. शेजारी म्हणतो गांजा आहे, उपटून जाळून टाक. जमीन खंडाने दिलेली आहे. काय करावं? — एक शेतकरी, निपाणी भाग

पुंडी म्हणजे अंबाडी. तिचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे 'गांजासारखी जास्वंद', इतकी पानं सारखी दिसतात. आधी खात्री करा.

पान हातात घेऊन देठाजवळ बघा. अंबाडीचं पान एकच असतं, खोलवर कापलेलं. बोटं तळाशी एकमेकांना जोडलेली असतात. गांजाचं पान म्हणजे सुट्या पानांचा पंजा : पाच, सात, कधी नऊ बोटं, प्रत्येक बोट देठाच्या टोकापर्यंत वेगळं आणि कडेला करवतीसारखे दाते. अंबाडीच्या खालच्या अंगाची पानं बऱ्याचदा बदामी, न कापलेली असतात आणि वर जाऊन कापली जातात, म्हणून झाड पूर्ण बघा, नुसता शेंडा नको. अंबाडीच्या पानामागे मधल्या शिरेवर तळाशी एक बारीक ग्रंथी असते आणि खोडा-देठावर बारीक काटे हाताला लागतात. गांजाच्या खोडाला काटे नसतात, पण शेंडा चिकट लागतो. फूल आलं असेल तर प्रश्नच मिटला. अंबाडीचं फूल तळहाताएवढं, फिकट पिवळं, मध्यभागी जांभळट. गांजाच्या फुलाला पाकळ्या दिसतच नाहीत, हिरवे घोस आणि त्यातून निघालेले पांढरे-तांबूस तंतू. चव घेऊन बघण्याच्या फंदात पडू नका. (ताग वेगळा. इंग्रजी नावात 'हेम्प' असल्यामुळे काही जण घाबरतात, पण त्याचं पान साधं, लांबट आणि फूल वाटाण्यासारखं, पिवळंधमक.)

आता गांजाच निघाला तर शेजाऱ्याचा सल्ला ऐकू नका. उपटलेलं झाड तुमच्या हातात, तुमच्या बैलगाडीत, तुमच्या खळ्यावर सापडलं तर 'मी नष्ट करायला निघालो होतो' हे पटवणं अवघड. एनडीपीएस कायद्यात आरोपीच्या मनात गुन्ह्याची जाणीव होती असं न्यायालय गृहीत धरतं, ती नव्हती हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. लागवडीच्या गुन्ह्यात किती झाडं हा प्रश्नच येत नाही. एका झाडालाही कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

आपल्या जमिनीत बेकायदा गांजा दिसला तर लगेच पोलीस किंवा अबकारी खात्याला कळवणं ही कलम ४६ प्रमाणे जमीनधारकाची जबाबदारी आहे. माहीत असून गप्प बसणं हाच गुन्हा. म्हणून असं करा. झाडाला हात न लावता चारी बाजूंनी फोटो काढा, एका फोटोत बांध किंवा विहीर अशी ओळखीची खूण येऊ द्या. त्याच दिवशी ठाण्यात लेखी अर्ज द्या : सर्व्हे नंबर, गाव, झाडं कधी आणि कशी दिसली, जमीन कोण कसतो. अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतला तर काम लवकर पुढे सरकतं, पण स्वतःजवळ मराठी प्रत ठेवा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. पोच मिळाल्याशिवाय उठू नका. सोबत उताऱ्याची प्रत आणि खंडाचा करार जोडा. तलाठ्याला आणि ग्रामपंचायतीलाही एकेक प्रत द्या, कलम ४७ प्रमाणे त्यांच्यावरही कळवण्याचं बंधन आहे. पंचनामा होईल तेव्हा स्वतः हजर राहा आणि झाडं किती होती ते त्यात आकड्यात आलंय का बघा.

खंडाचा करार तोंडी असेल तर मात्र अडचण. जाणूनबुजून आपली जमीन या कामाला वापरू दिली, असा आरोप मालकावर कलम २५ खाली येऊ शकतो, आणि कसणारा दुसराच होता हे दाखवायला कागद लागतो. पुढच्या हंगामाआधी तो करून घ्या. निपाणी-चिकोडीकडे शब्दावर जमीन देण्याची रीत अजून आहे. भाऊबंदकीत ती निभते, फौजदारीत निभत नाही.

प्रश्न : परदेशी संकेतस्थळावर लेमन हेजच्या बिया मिळतात. कायद्यात बी म्हणजे गांजा नव्हे, असं वाचलं. मग मागवायला हरकत काय? — एक वाचक, बेळगाव

अर्धं वाचलंत. गांजाच्या व्याख्येतून सुटं बी आणि शेंड्याशिवायची पानं वगळली आहेत हे खरं. पण उगवलं की लागवड झाली. शिवाय परदेशी बी आयात परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र नसताना टपालाने मागवणं २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाविरुद्ध आहे. पाकिटावर 'शोभेची वस्तू' असं छापल्याने काही बदलत नाही.

पानांचं म्हणाल तर भांग केंद्रीय व्याख्येत बसत नाही, आणि २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जात तेच म्हटलं. पण राज्याचा अबकारी कायदा उरतोच. परवान्याशिवायची भांग त्यात अडकते.

प्रश्न : मुलगा मित्रांबरोबर चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन आला. बॅगेत लिंबाच्या स्वादाच्या जेलीसारख्या गोळ्या आणि पेनासारखं काहीतरी सापडलं. घरात चार वर्षांची पुतणी आहे, तिने गोळी खाल्ली असती तर? — एक आई, टिळकवाडी

आधी दोन्ही वस्तू लहान मुलांच्या हाताबाहेर, कुलपात ठेवा. बाकीचं बोलणं नंतर.

अशा गोळ्यांत गांजा असू शकतो, आणि खाल्लेल्या गांजाचा परिणाम उशिरा येतो : अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत, कधी त्याहून उशिरा, आणि सहा-आठ तास किंवा जास्त टिकतो. मोठी माणसं फसतात ती इथेच. तासाभरात काही वाटलं नाही म्हणून दुसरी गोळी खातात आणि मग दोन्ही एकदम चढतात. मूल फसतं कारण त्याच्यासाठी ते चॉकलेटच. मोठ्याला जे प्रमाण जेमतेम जाणवेल ते चार वर्षांच्या मुलीला गुंगीत टाकू शकतं.

तिने खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी वाट बघू नका. तोंडात उरलेलं बोटाने काढा. ओकारी काढू नका, मिठाचं पाणी पाजू नका. वेळ लिहून ठेवा, पाकीट आणि उरलेल्या गोळ्या सोबत घ्या आणि १०८ ला फोन करा. झोपाळली असेल तर कुशीवर ठेवा, पाठीवर नको. तोल जाणं, डोळे लाल, हाक मारली तरी न उठणं, श्वास मंदावणं, आकडी, ही लक्षणं सांगा. आणि डॉक्टरला खरं सांगा. 'काहीतरी खाल्लं असेल' असं मोघम बोललात तर मेंदूज्वर समजून पाठीतून पाणी काढण्यापर्यंत तपासण्या होतात. लाजेपायी मुलीला सुया.

आता ते पेन. ई-सिगारेट भारतात २०१९ च्या कायद्याने बंद आहे. आत काय भरलंय हे तर देव जाणे. २०१९-२० मध्ये अमेरिकेत अशा पेनांमुळे फुप्फुसांना इजा होऊन २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यांत मृत्यू ६८. बहुतेकांच्या मुळाशी टीएचसीच्या तेलात घट्टपणासाठी मिसळलेलं व्हिटॅमिन ई अॅसिटेट होतं. लिंबाच्या वासाचंही यात एक अंग आहे. अर्क तापलेल्या धातूवर टाकून ओढतात तेव्हा टर्पीन फुटून मेथॅक्रोलीन आणि बेंझीन तयार होतं, हे २०१७ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. तापमान जितकं वर, तितकं हे विष जास्त. सालीत निरुपद्रवी असलेलं तेल जळून फुप्फुसात गेलं की निरुपद्रवी राहत नाही.

मुलाशी बोलताना वस्तू समोर ठेवून बोला, आरडाओरडा नंतरही करता येतो. रोजची सवय असेल, अभ्यास सुटला असेल, उगाच संशय घेत असेल, किंवा वारंवार उलट्या होऊन फक्त गरम पाण्याच्या आंघोळीने बरं वाटत असेल (हे शेवटचं लक्षण डॉक्टरही कधी कधी पोटाचं दुखणं समजतात) तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाणीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६. कमी प्रमाणात सापडलेला किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर कलम ६४ए खाली त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. वकिलाला हे कलम नावानिशी विचारा.

प्रश्न : आमच्या पूजासाहित्याच्या दुकानात 'लेमन हेज' नावाची अगरबत्ती आणि तेल आलंय. ठेवलं तर पोलीस येतील का? गांजाच्या बियांची चटणी विकणाराही एक जण आला होता. — एक दुकानदार, शहापूर

सुगंध संत्र्या-लिंबाच्या तेलातून जुळवलेला असेल आणि माल गांजाचा नसेल, तर नाव काहीही असो, गुन्हा नाही. घाऊकवाल्याकडून घटकांची यादी आणि बिल लेखी घ्या. पाकिटावर गांजाचं पान छापलेलं असेल तर ते समोरच्या फळीवर न ठेवणं शहाणपणाचं, उगाच झडतीला निमंत्रण कशाला.

बियांचं खाद्य २०२१ पासून एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत बसतं. बियांत टीएचसी किलोला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, तेलात १० पेक्षा. पाकिटावर परवाना क्रमांक आणि बॅचचा तपासणी अहवाल नसेल तर नाही म्हणा. सुटी, पुडीत बांधलेली चटणी तर अजिबात नको. बियांत शेंड्याचा चुरा मिसळलेला निघाला तर तुमचीही चौकशी होईल.

तेलाची बाटली मात्र जपा. लिमोनीनला हवा लागली की त्यातून त्वचेला खाज आणि पुरळ आणणारी संयुगं होतात. उघडलेली बाटली घट्ट बुचाची, अंधारात ठेवा. वासात वार्निशाची झाक आली की गिऱ्हाइकाच्या हातावर लावून दाखवू नका.